पांगाऱ्याचे विमान

सावंतवाडीच्या चितार आळीत घडणारा लाकडी आंबा हातात घेऊन जो कोणी तो बारकाईने पाहील, त्याला एक गोष्ट मान्य करावी लागेल, की ही वस्तू केवळ मुलांच्या मनोरंजनाकरिता निर्माण झालेली नाही. कारण तिचे आकारमान खऱ्या आंब्याइतकेच असते, आणि देठाकडील खांद्याची उंचसखल ठेवण, चोचीकडे उतरत जाणारी पाठ, उन्हाच्या अंगाला चढलेली लाली व सावलीच्या अंगाला राहिलेला हिरवटपणा ही सारी लक्षणे कारागिराने मूळ फळावरूनच घेतलेली असतात. केळी, सीताफळ, पेरू, वांगी, मिरच्या, भोपळा यांचीही हीच तऱ्हा. प्रतिकृती करणारे लोक ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत सांगायचे, तर हा एकास एक प्रमाणाचा भरीव लाकडी नमुना होय. या गावाला खेळण्यांचे गाव म्हणून जी कीर्ती लाभली ती सार्थ आहे. तथापि त्या कीर्तीच्या आवरणाखाली या हुन्नराचे मूळ अंग झाकले गेले, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. वस्तूचे रूप नजरेने उचलून ते घन लाकडात उतरवणे हे ते मूळ अंग. खेळणे हा त्याचा एक उपयोग. म्हणून या हुन्नराचा इतिहास सांगताना तो फळांपाशी न थांबवता, फळांवर औषध फवारणाऱ्या यंत्रापर्यंत, म्हणजे शेतीच्या विमानापर्यंत, नेऊन पाहण्याचा येथे विचार आहे.

सावंतवाडी हे सावंत-भोसल्यांचे संस्थान उत्तरेस मराठी राज्य आणि दक्षिणेस पोर्तुगीजांचा गोवा यांच्या मधोमध वसलेले होते, आणि अशा सरहद्दीवरच्या छोट्या दरबारांना आपला मान तलवारीइतकाच विद्येने आणि कसबाने राखावा लागत असे. तिसऱ्या खेमसावंतांची कारकीर्द १७५५ पासून १८०३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक चालली. आज मोती तलावाच्या काठी जो राजवाडा दिसतो त्याची उभारणी याच कारकिर्दीतली, आणि शास्त्रार्थाकरिता दरबारी येणाऱ्या तेलंगी ब्राह्मणांनी गंजिफा, म्हणजे खेळण्याचे रंगीत पत्ते, व लाखेच्या रंगकामाची विद्या याच सुमारास येथे आणली व ती चितारी मंडळींनी उचलली, अशी परंपरा सांगितली जाते. परंपरेचा शब्द न् शब्द खरा धरावा असा माझा आग्रह नाही. परंतु चितारी घराण्यांची वस्ती दरबाराच्या छायेत झाली, त्यांच्या नावाने एक सबंध आळी ओळखली जाऊ लागली, आणि देवघर, लग्नघर व राजघर या तिन्ही ठिकाणचे रंगकाम त्यांच्या हाती राहिले, एवढे निर्विवाद आहे. १८३८ मध्ये संस्थानचा कारभार इंग्रज सरकारने आपल्या हाती घेतला, तरी आळीचे काम चालूच राहिले; कारण चौरंग, पाट, देव्हारे, पाळण्याचे दांडे, रुखवतातील जिन्नस आणि भातुकली यांची मागणी दरबारी मर्जीवर अवलंबून नव्हती.

१८८० साली मुंबई सरकारने प्रसिद्ध केलेल्या गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान यांना वाहिलेला आहे. त्या काळचा इंग्रज अंमलदार महसुलाच्या आकड्यांत जितका रमे तितकाच गावोगावच्या कसबांची नोंद करण्यातही रमे, आणि म्हणूनच वाळ्याचे सुगंधी पंखे, त्यांवर जरीने व भुंग्यांच्या चकचकीत पंखांनी केलेली नक्षी, गव्याच्या शिंगांच्या वस्तू आणि रंगीत गोल गंजिफा यांनी त्या काळी या संस्थानाचे नाव कसे दूरवर पोचवले होते, हे आपल्याला आज कळते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने मिळून एकशे वीस पाने असतात. मोगली गंजिफेत आठ रंग आणि शहाण्णव पाने. पान तयार करण्यासाठी कापडावर चिंचोक्याची खळ व खडूची पूड यांचे थर चढवायचे, ते घोटून गुळगुळीत करायचे, त्यावर कुंचल्याने चित्र काढायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा, असा क्रम असे. हा क्रम मुद्दाम सांगितला, कारण पुढे लाकडी वस्तूकडे वळताना तो पुन्हा आपल्या उपयोगी पडणार आहे.

लाकूडकामाची मुख्य भिस्त पांगाऱ्यावर. फाल्गुनात पाने झाडून लालभडक फुलांनी पेटल्यासारखे दिसणारे हे झाड कोकणात कुंपणाला सर्वत्र आढळते. त्याचे लाकूड इमारतीला कवडीमोल, जळणाला निकृष्ट, परंतु कोरणाराच्या हाताला मात्र अत्यंत आज्ञाधारक. ते इतके मऊ आणि हलके असते की धारदार पटाशीखाली लोण्यासारखे कापले जाते. आंबा, फणस, शिवण आणि सागवान यांचा उपयोग जेथे बळकटी हवी तेथे होतो. कातारी लेथवर जे कातून देतो ते गोल घाटाचे: भोवरा, लाटणे, भातुकलीतील तपेली, पाळण्यावरचे पोपट टांगण्याच्या दांड्या. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाला चिकटते, आणि तो रंग पुढे सहसा उडत नाही. कर्नाटकातील चन्नपट्टणचे काम याच रीतीचे असून ते जवळजवळ सर्वस्वी लेथावर अवलंबून आहे, त्यामुळे तेथील वस्तूंना एक गोलाईची शिस्त आलेली दिसते. सावंतवाडीच्या फळांचे तसे नाही. सीताफळ कातून होत नाही, वाकडी मिरची कातून होत नाही. तेथे हाताने कोरावेच लागते. याच कारणाने चितारी कारागिराला अशा एका गोष्टीचा सराव पडला, जी लेथवरच्या कातारीला कधी लागत नाही: एकाच वस्तूची डावी बाजू आणि उजवी बाजू निराळी असते तेव्हा ती निराळी ठेवणे, आणि सारखी असते तेव्हा ती डोळ्यांच्या धाकाने सारखी आणणे.

हे कौशल्य केवळ एका आळीचे नव्हते. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजातील कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या शतकानुशतके नाचवल्या. त्या बाहुल्यांचे मस्तक आणि हात हलक्या लाकडात कोरले जातात, आणि दोरीच्या टोकाला लोंबणाऱ्या बाहुलीचे वजन दोन्ही अंगांनी तोलले गेले नाही तर ती राम म्हणून उभी न राहता एका कुशीला कलते, त्यामुळे समतोलाचे गणित त्या कोरणाऱ्याच्या हातातच मुरलेले असते. या कलेचे उपासक परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा महाराष्ट्रातील बऱ्याच लोकांनी पिंगुळीचे नाव प्रथमच ऐकले असेल. किनाऱ्याकडे वळावे तर मालवण आणि वेंगुर्ले या बाजूचे होडीकाम करणारे सुतार. रापणीची होडी ते फळ्यांना भोके पाडून काथ्याने शिवीत, तिला एका बाजूला उलांडी जोडीत, आणि हे सर्व कागदावर एकही रेघ न ओढता. मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी झाली. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात खोदलेली आरमारी गोदी आजही पाहावयास मिळते. अर्थात गलबते बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या हातांची या किनाऱ्यावर कधीच वाण नव्हती. नजर आणि वीत हेच त्यांचे आराखड्याचे दप्तर होते. होडीचा पेटा दोन्ही बाजूंना सारखा फुगला पाहिजे, नाहीतर ती पाण्यात एका अंगावर चालते. आणि विमानाच्या सांगाड्याला लागणारी काळजी याहून वेगळ्या जातीची नाही, हे पुढे दिसेल.

यंत्रे आली तसा आळीतील वस्तूंमध्येही बदल होत गेला. बैलगाडीच्या शेजारी मोटार आली, मोटारीच्या मागोमाग आगगाडी आणि विमान. परंतु येथे एक विलक्षण गोष्ट घडलेली दिसते. आंबा करताना जो कारागीर मूळ नमुन्याशी इतका प्रामाणिक राहिला, त्यानेच विमान करताना मात्र एक ढोबळ खूण पुरेशी मानली: मधला दांडा, आडवी फळी, शेपटीला दोन छोट्या फळ्या आणि पुढे फिरता पंखा. याचा दोष मी त्याच्या माथी मारणार नाही. आंबा त्याच्या परसात होता. विमान त्याने आकाशात, तेही फार उंचावर, क्षणभर पाहिलेले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, म्हणजे या मुलखात, विमान उतरू लागले ते ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीच्या सड्यावरचा विमानतळ सुरू झाल्यावर. ज्या वस्तूला हात लावता येत नाही, जिच्याभोवती फिरून पाहता येत नाही, तिची प्रतिकृती करायची तर मोजमापाचा आधार घ्यावाच लागतो, आणि तो आधार आळीच्या परंपरेत कधी आलाच नव्हता. कारण एकास एक प्रमाणात काम करणाऱ्याला त्याची गरजच पडली नाही.

बाहेरच्या जगात मात्र ही मोजमापाची विद्या फार पूर्वीच मुलांच्या हाती गेली होती. १९३२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स हे स्टीव्हन्स यांच्या कल्पनेतून ‘स्कायबर्ड्स’ नावाचे लाकडी संच विक्रीस आले. खऱ्या विमानाच्या सहा फुटांना एक इंच, म्हणजे बहात्तरास एक, हे प्रमाण त्या संचांनी रूढ केले आणि ते आजतागायत चालू आहे. दुसरे महायुद्ध पेटल्यावर या छंदाला अकस्मात लष्करी महत्त्व आले. १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने देशातील शाळांना आवाहन करून पाच लाख भरीव लाकडी विमाने मागवली. ती सर्व बहात्तरास एक प्रमाणाची आणि काळ्या रंगाची असावयाची होती. त्यामागचा हिशेब मोठा सुंदर आहे. पस्तीस फुटांवरून पाहिलेली अशी प्रतिकृती डोळ्याला जेवढी दिसते, तेवढेच खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावरून दिसते. मग तोफेवरच्या शिपायाला शत्रूचे विमान कोणते आणि स्वपक्षाचे कोणते, हे खोलीत बसूनच शिकवता येई. काळ्या रंगाचे प्रयोजनही तेच, की रंग आणि खुणा दिसू नयेत, केवळ आकार दिसावा. शाळकरी मुलांच्या पटाशीच्या चुकीने एखाद्या पंखाचे टोक गोलाऐवजी चौकोनी झाले असते तर त्याचा परिणाम कोठवर पोचला असता, हे ध्यानात घेतले म्हणजे खेळणे आणि प्रतिकृती यांतील अंतर किती गंभीर आहे ते कळते. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेची वायुशाखा १९५० मध्ये निघाली आणि तिच्यामार्फत विमानांच्या प्रतिकृती करण्याचे शिक्षण महाविद्यालयांतील मुलांपर्यंत पोचले. परंतु ते चितार आळीपर्यंत पोचले नाही, आणि आळीची पटाशी त्या मुलांपर्यंत पोचली नाही. दोन विद्या एकाच मुलखात राहून एकमेकींना अनोळखी राहिल्या, याची मला मनापासून खंत वाटते.

आता शेतीच्या विमानाविषयी. आकाशातून पिकावर औषध टाकण्याचा पहिला प्रयोग ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय गावाजवळ झाला. कॅटाल्पा नावाच्या वृक्षांची राई सुरवंटांनी फस्त करीत आणली होती. लेफ्टनंट जॉन मॅक्रेडी यांनी लष्कराच्या जुन्या कर्टिस विमानातून तिच्यावर शिशाच्या आर्सेनेटची भुकटी सोडली आणि सुरवंट मेले. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे हे काम बहुतांशी लष्कराने टाकून दिलेल्या विमानांवर भागवले गेले, आणि त्यात वैमानिक फार मेले. कारण जमिनीला चिकटून उडायचे, शेताच्या कडेला झाडे आणि तारा, प्रत्येक फेरीच्या शेवटी वळण, आणि काही विमानांत औषधाची जड टाकी वैमानिकाच्या पाठीमागच्या बाजूस. विमान आपटले की ती टाकी पुढे येऊन त्याला चिरडीत असे. फ्रेड वाइक या अभियंत्याने टेक्सासमध्ये राहून १९५० साली ‘एजी-१’ नावाचे विमान सिद्ध केले, आणि त्यात प्रथमच या कामाचा मुळापासून विचार केला गेला. टाकी पुढे, वैमानिक तिच्या मागे आणि उंचावर, म्हणजे नाकावरून खाली पाहता यावे, पंख खाली, पुढचा भाग असा की आपटल्यावर तो स्वतः चुरगळून धक्का गिळील आणि बसलेल्या माणसापर्यंत तो येऊ देणार नाही. पुढे याच वाइक यांनी ‘पायपर पॉनी’ची रचना केली, आणि त्यानंतर जगात निघालेल्या शेतीच्या बहुतेक विमानांनी हीच ठेवण उचलली. कुबड काढून बसल्यासारखी त्यांची जी पाठ दिसते, तिच्यात सौंदर्याचा विचार नाही. ती माणसाचा जीव वाचवण्याकरिता उंचावलेली आहे. मला मात्र ती फार सुंदर वाटते.

भारतात हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बंगळूर येथे १९६८ मध्ये अशा विमानाच्या आराखड्यास हात घातला. या कारखान्यातील विमानरचनेची परंपरा ज्यांनी घातली त्यांत डॉ. विष्णु माधव घाटगे यांचे नाव मराठी वाचकाने विसरू नये. गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या गृहस्थांनी १९५१ साली उडालेल्या एचटी-२ या शिकाऊ विमानाच्या रचनेचे नेतृत्व केले, आणि ‘पुष्पक’ व ‘कृषक’ ही विमानेही त्याच परंपरेतली. शेतीच्या विमानाचा पहिला आराखडा मनाजोगता न उतरल्याने तो पुष्कळ बदलण्यात आला, आणि बदललेले विमान, ‘बसंत’, ३० मार्च १९७२ रोजी प्रथम आकाशात गेले. चारशे अश्वशक्तीचे, दोन्ही बाजूंस चार-चार नळकांडी असलेले लायकमिंग इंजिन. पंखांचा विस्तार बारा मीटर, लांबी नऊ मीटर, उंची अडीच मीटरहून किंचित अधिक. पंख खाली व त्यांना वरून आडण्यांचा आधार. चाके न मिटणारी आणि तिसरे चाक शेपटीखाली. १९८० मध्ये उत्पादन थांबले तोपर्यंत एकूण ३९ विमाने झाली होती.

१९७२ हे साल आपल्या मुलखाच्या दृष्टीने मोठे योगायोगाचे आहे. त्याच वर्षी १८ मे रोजी कोकण कृषी विद्यापीठ दापोलीस स्थापन झाले, आणि वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राचे आंबा-काजूवरील काम पुढे त्याच्या छत्राखाली वाढले. त्याच सुमारास, १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी नामशेष होत चाललेली गंजिफेची कला वृद्ध चितारी कारागिरांकडून समजून घेऊन राजवाड्यातच तिला आसरा दिला. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले होते, सनदा आणि तनखे इतिहासजमा होत होते; अशा वेळी राजघराण्याने कुंचला हाती घ्यावा आणि स्वतः राणीसाहेबांनी बैठक मांडून पाने रंगवावीत, ही गोष्ट महाराष्ट्राच्या कलेच्या इतिहासात जितक्या आदराने लिहिली जावी तितकी अजून लिहिली गेलेली नाही. गंजिफेबरोबर लाकडी रंगकामालाही तेथे उजाळा मिळाला, आणि अलीकडे सावंतवाडीच्या लाकडी वस्तूंना व गंजिफेला भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

‘बसंत’ मात्र सिंधुदुर्गाच्या कामाचे नव्हते. शेतीचे विमान मागते सलग, सपाट, मैलभर पसरलेले एकच पीक. येथे डोंगरउतार, जांभ्याचे सडे, वाडीवाडीतून विखुरलेली कलमे आणि एका सात-बाऱ्यावर दहा भावांची नावे. देवगडच्या हापूसवर तुडतुडे पडोत, काजूवर ढेकण्या येवो, की सुपारीला कोळेरोग लागो, औषध पंपानेच मारायचे, आणि सुपारीच्या बाबतीत तर माणसाने झाडावर चढून. विमानाने हे कष्ट वाचले असते असे म्हणण्याचा मोह होतो. पण कासरगोडचे उदाहरण डोळ्यांआड करता येत नाही. याच किनाऱ्यावर दक्षिणेस, केरळातील काजूच्या सरकारी मळ्यांवर, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फानची फवारणी झाली. डोंगरउतारावरच्या वस्त्या, विहिरी आणि ओढे त्या धुक्याखाली आले, आणि तेथील कुटुंबांनी भोगलेल्या व्याधींची कहाणी शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०११ मध्ये त्या औषधावर देशभर बंदी आली. कोकणच्या आणि कासरगोडच्या भूगोलात फरक फार थोडा आहे. शेतीच्या विमानाची प्रतिकृती करणाऱ्याला हाही इतिहास ठाऊक असावा. यंत्राविषयीच्या प्रेमात त्या यंत्राने काय केले याचा विसर पडू नये.

तरीही चितार आळीने यंत्राची पहिली खरीखुरी प्रमाणबद्ध प्रतिकृती करावयाची ठरवली, तर ती याच विमानाची करावी असे माझे मत आहे. प्रवासी विमानाचे अंग म्हणजे एक लांब गुळगुळीत नळी, ती लेथवर अर्धी होऊन जाते आणि तिच्यात हाताला फारसे काम नाही. लढाऊ विमानाच्या कडा पांगाऱ्याला पेलत नाहीत. शेतीचे विमान मात्र ठोकळ्यातून काढण्यासाठीच जणू जन्मले आहे: रुंद चपटे नाक, त्यामागे टाकीचा फुगवटा, मग एकदम वर चढलेली वैमानिकाची पेटी, आणि तेथून शेपटीपर्यंत उतरत गेलेली पाठ. आंब्याचा खांदा आणि चोच ज्याला साधली त्याला ही रेषा साधेल.

प्रमाण चोविसास एक घ्यावे. मग बारा मीटरांचा पंखविस्तार पन्नास सेंटिमीटर होतो, नऊ मीटरांची लांबी साडेसदतीस, आणि उंची साडेदहाच्या आसपास. आराखडा तिन्ही बाजूंनी, म्हणजे कडेने, वरून आणि समोरून, त्याच मापाचा काढलेला असावा. अंगाचा ठोकळा एका तुकड्याचा न घेता, दोन फळ्यांच्या मध्ये कागद ठेवून त्या सरसाने जोडाव्यात. असे केले की जोडाची रेघ हीच विमानाची मध्यरेषा बनते, कोरताना ती सतत डोळ्यांसमोर राहते, आणि काम झाल्यावर पातळ पाते घालून दोन्ही अर्धे अलग करून आतून पोखरताही येतात. प्रथम कडेची बाह्यरेषा करवतीने कापावी, मग वरची. या दोन कापांनंतर हातात जे चौकोनी विमान उरते, तेथून खरे काम सुरू होते. पुठ्ठ्याचे साचे कापून ठेवावेत, एक इंजिनाच्या मागच्या पडद्याचा, एक टाकीचा, एक बैठकीचा, दोन शेपटीकडचे. पटाशीने कोपरे उतरवीत जावे आणि साचा लावून पाहत जावे. साचा बसत नसेल तर लाकूड काढायचे की थांबायचे हे ठरवण्यातच कारागिराची परीक्षा आहे, कारण काढलेले लाकूड परत लावता येत नाही.

पंखांना पांगारा वापरू नये. पंखाची मागची कड कागदाइतकी पातळ करावी लागते आणि मऊ लाकडाची अशी कड पहिल्याच धक्क्याला तुटते. शिवण किंवा जुने मुरलेले सागवान तेथे हवे, आणि लाकडाची रेषा पंखाच्या लांबीने धावली पाहिजे. कोकणच्या पावसाळ्यात हवेतील दमटपणाने पातळ फळी वाकते, म्हणून लाकूड पूर्ण सुकलेले असावे व पंखाच्या दोन्ही अंगांना रंगाचे थर सारखेच द्यावेत. एकाच अंगाला रंग दिलेला पंख श्रावण सरेपर्यंत पिळवटतो. पंख अंगात खुंट्यांनी बसवावेत, आणि बसवताना विमान सपाट पाटावर ठेवून दोन्ही टोकांची उंची मोजावी. चाके, नाकावरची टोपी, शेपटीचे छोटे चाक ही कातारीची कामे. त्यांवर लेथवरच काळी लाख चढवली तर रबराचा भास आपोआप येतो. पंखांवरच्या आडण्यांना बांबूची कामटी तासून घ्यावी, पंखाच्या मागच्या कडेखालून जाणारी फवारणीची नळी पितळेच्या तारेची करावी आणि तिच्यावरील तोट्या बारीक तारेचे वेढे देऊन दाखवाव्यात. त्या नळीशिवाय हे विमान कशाकरिता आहे ते पाहणाऱ्याला कळणार नाही, म्हणून तेथे घाई उपयोगी नाही.

रंगाची बैठक मात्र आळीचीच असावी. चिंचोक्याची खळ आणि खडू यांचा जो थर गंजिफेच्या कापडाला देतात, तोच पांगाऱ्याची सच्छिद्र कांती बुजवण्यास उत्तम. तो वाळला की घासावा, पुन्हा द्यावा, पुन्हा घासावा. एका गोष्टीचे भान येथे ठेवावे लागते. चोविसास एक प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे मूळ विमानाचे चोवीस मिलिमीटर; म्हणून आंब्यावर जो जाड थर शोभून दिसतो तो येथे टाकीच्या झाकणाची कड आणि पत्र्यांचे सांधे गिळून टाकील. थर पातळ हवा. वैमानिकाच्या पेटीच्या काचा भरीव प्रतिकृतीत रंगवूनच दाखवतात, आणि काळसर निळ्या रंगावर आकाशाच्या उजेडाची एक फिकट झाक देऊन लाकडाला काचेचा भास आणणे हे काम कुंचल्यावर हुकमत असणाऱ्या चिताऱ्यावाचून कोणी करू शकेल असे मला वाटत नाही. महायुद्धातील ती लाखो काळी विमाने केवळ आकाराची होती. सावंतवाडीचे विमान आकार आणि रंग दोन्हींनी बोलके होऊ शकेल.

या धंद्याला आज अशा कामाची निकड आहे. मुंबई-गोवा महामार्ग पूर्वी गावातून जात असे आणि जाणारा-येणारा प्रवासी आळीत थांबून मुलांसाठी काहीतरी घेई. झाराप ते पत्रादेवी असा नवा रस्ता झाल्यावर ती वर्दळ गावाबाहेरून जाऊ लागली, आणि कोकण रेल्वेचे स्थानकही गावापासून दूर. प्लॅस्टिकच्या स्वस्त खेळण्यांशी किमतीत बरोबरी करणे लाकडाला कधीच शक्य नाही. लाकडाची बरोबरी व्हायची ती अचूकपणाच्या मैदानात, जेथे विकत घेणारा एखादे संग्रहालय असतो, कृषी महाविद्यालय असते, किंवा एखादे विमान आयुष्यभर चालवलेला निवृत्त वैमानिक असतो, आणि जेथे एका वस्तूला आठवडा लागला तरी तिचे मोल देणारा माणूस भेटतो. त्यासाठी आळीला पाहिजे ती आराखडा वाचण्याची विद्या, आणि ती कोणत्याही तंत्रशाळेतील तरुण शिक्षक एका उन्हाळ्यात शिकवू शकेल.

आणि शेतीचे उडते यंत्र आता सिंधुदुर्गातही आले आहेच, जरी ते ‘बसंत’च्या रूपाने आलेले नाही. आंब्याच्या कलमांवरून ड्रोन फिरू लागले आहेत. असे यंत्र सड्यावरून उठते, उतारावरच्या चार झाडांपुरते औषध टाकून परत येते, त्याला धावपट्टी लागत नाही. त्याचे अंग म्हणजे मधली गोल पेटी, चहूकडे गेलेल्या नळ्या, प्रत्येक नळीच्या टोकाला मोटारीची डबी आणि खाली औषधाची टाकी. ही सारी कामे कातारीच्या लेथवरची आहेत, आणि ते यंत्र वाडीत जवळ उभे असल्यामुळे कारागिराला त्याच्याभोवती फिरून, हात लावून, दोरीने माप घेऊन पाहता येते.